बोटाचा चिमटा आणि पायाचे तळवे

सिस्टर, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. भाचा चार वर्षांचा, सुगीला आमच्याकडं आला होता. संध्याकाळी गवताच्या गंजीपाशी खेळताना पायाला विंचू चावला. लाल, बारीकसा. वडिलांनी वाडीतल्या एकाकडून उतरवून घेतला. तासाभरात रडं थांबलं, वाटलं उतरला. पण मग पोराला दरदरून घाम, तीन-चार वांत्या आणि हातपाय बर्फासारखे. रात्री खानापूर, तिथून बेळगाव. लहान मुलांच्या आयसीयूत चार दिवस काढले. आता घरी आहे, खेळतोय.

माझं डोकं मात्र जागेवर नाही. गेल्या गेल्या बीपी 140 म्हणाले आणि कमी करायची गोळी दिली. पहाटे तोच 74 झाला आणि वाढवायचं औषध लावलं. मधे दोन तास पडद्यावर 100 होता, मी स्वतः बघितला, तरी ‘सीरियस आहे’ हेच पालुपद. त्यांचं काही चुकलं का? मनगटात सुई घालून हात फळीला बांधला, किती वेळा रक्त काढलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून ‘पंपिंग 35 टक्के’ म्हणाले. म्हणजे पोराचं हृदय 65 टक्के गेलं का? बहिणीनं आता ऑक्सिमीटर आणलाय, रात्रभर त्याच्या बोटाला चिमटा लावून बसते. 94 दिसलं की मला उठवते. वडील कुणाशी बोलत नाहीत.

– एक मामा

मामा,

पहिलं काम आज रात्रीचं. तो ऑक्सिमीटर पेटीत घालून पेटी माळ्यावर टाका. कारण पुढं सांगते, पण बहिणीची एक रात्र तरी वाचू दे.

आता बीपी. तुम्ही शेतकरी आहात म्हणून मला सोपं जाईल. उसाला पाणी सोडलंय, पाइप हातात आहे. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरा. पाणी लांब उडतं, जोर वाढल्यासारखा दिसतो. पण बादली भरायला ठेवली तर ती आधीपेक्षा उशिरा भरते. बीपी हा त्या पाइपातला जोर. बादली किती भरली ते बीपी सांगत नाही. आणि पोराच्या मेंदूला, मूत्रपिंडाला, बोटांना लागते ती बादली.

लाल विंचवाचं विष नेमकं तो अंगठा दाबतं. आपल्या नसांमध्ये सोडियम आत सोडणारी बारीक दारं असतात, ती या विषानं उघडी राहतात, मिटत नाहीत. मग घाबरल्यावर अंगात सुटतं ते ॲड्रिनलिन आणि त्याची भावंडं धरणाचे दरवाजे उघडल्यासारखी सुटतात. सुरुवातीला घाम, लाळ, वांत्या. आणि त्यापाठोपाठ हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून येतात. तुमच्या पोराचे हातपाय गार पडले ते त्यामुळं. बीपी 140 झाला तोही त्यामुळंच. चार वर्षांच्या मुलाचा वरचा आकडा साधारण शंभरच्या आसपास असतो, म्हणजे 140 फारच झाला. इकडं तोंड दाबलेल्या पाइपात पाणी ढकलत राहणारी मोटर गरम होते, तसं हृदय थकतं. थकलं की मागचं पाणी तुंबतं आणि फुफ्फुसात उतरतं. विंचवानं पोरं दगावतात ती बहुतेक अशी.

तर आधी अंगठा सोडवायचा, म्हणून ती गोळी. प्राझोसिन तिचं नाव, मुळात रक्तदाबाचीच. लाल विंचवावर ती चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं. रायगड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतले रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून बघत त्यांनी हे काम उभं केलं. 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते आमचे कोणी नात्यातले नाहीत, पण त्यांचं नाव निघालं की मला उगाच अभिमान वाटतो. घाटाच्या अलीकडच्या आपल्या तांबड्या मातीतही तोच विंचू आहे, आणि त्यांनी लिहून ठेवलेलंच आम्ही इकडं वापरत आलो.

पुढचा भाग. अंगठा सुटला, पण मोटर आधीच दमलेली. म्हणून पहाटे जोर पडला, 74 झाला. चार वर्षांच्या मुलाला धोक्याची रेघ कुठली, याचा एक सोपा हिशेब आम्ही तोंडपाठ करत असू: वयाची दुप्पट करायची आणि त्यात 70 मिळवायचे. चार दुणे आठ, 78. त्याच्या खाली गेलं की उशीर झालाय असं समजायचं. (हा हिशेब एक ते दहा वर्षांपर्यंतचा. वर्षाच्या आतल्या बाळाला 70 आणि महिन्याच्या आतल्याला 60.) मग मोटरीला हात द्यायचं औषध सुरू केलं. एकाच रात्रीत बीपी उतरवायचं आणि चढवायचं, दोन्ही औषधं देणं हा गोंधळ नव्हता. तुमच्या भाच्याचे कागद मी बघितलेले नाहीत, पण तुम्ही लिहिलंय ते सगळं या आजाराच्या वाटेनंच गेलेलं दिसतंय.

राहिला मधला 100. मामा, 140 वरून 74 वर उतरणाऱ्याला 100 वाटेत लागतोच. तुम्ही पडद्यावर बघितला तेव्हा तो तिथं मुक्कामाला नव्हता.

आणि मुलांच्या बाबतीत एक जास्तीचं आहे. मोठ्या माणसाचं रक्ताभिसरण ढासळायला लागलं की बीपी त्या मानानं लवकर बोलतो. मुलांचा शेवटपर्यंत गप्प राहतो. लहान मुलाचं हृदय एका ठोक्यात फार जास्त रक्त टाकू शकत नाही, म्हणून ते ठोके वाढवतं, 170, 180. त्याच वेळी शरीर हातापायाकडं जाणारं पाणी बंद करून मेंदूकडं आणि हृदयाकडं वळवतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की आपण कडेचे वाफे सोडून मधला ऊस जगवतो ना, तसं. या कसरतीत बीपी चांगला दिसत राहतो. सगळी कसरत संपली की मग पडतो, आणि पडतो तो धाडकन.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. नोकरीचं पहिलं वर्ष. जुलाब-वांत्यांनी आलेलं दीड वर्षाचं पोर, मी रात्रपाळीला. बीपी बघितला, 90. तक्त्यावर ‘ठीक’ असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं निघाले. आमच्या मोठ्या सिस्टर कन्नड, धारवाडकडच्या. त्यांनी तक्ता वाचला, माझं मनगट धरलं आणि माझा हात त्या पोराच्या तळपायावर नेऊन ठेवला. ‘मुट्टी नोडु,’ म्हणाल्या. हात लावून बघ. पाय गार होता, घोट्यापर्यंत. पोट तापलेलं, पाय गार. नखावर दाबलं तर पांढरी पडलेली जागा भरायला मी मोजले तर पाच सेकंद लागले. मी ‘ठीक’ लिहिलेलं पोर तासाभरात हातातनं जाणार होतं. वाचलं ते. पण त्यानंतर तीस वर्षं मी आधी पाय चाचपले आणि मग पडदा वाचला.

तुमच्या भाच्याचे पायही आयसीयूतल्या सिस्टर सारख्या चाचपत असतील, नख दाबून बघत असतील. तुम्हाला वाटलं असेल, एवढ्या मशिनी असताना या काय चाळे करतात. त्या मोजत होत्या. पाच सेकंद दाबायचं, सोडायचं, रंग किती वेळात परत येतो ते बघायचं. दोन सेकंदांत आला तर बरं. तीनच्या पुढं गेला तर काहीतरी बिनसलंय. हात हृदयाच्या पातळीला धरावा लागतो आणि खोली फार गार असेल तर फसवणूक होते, म्हणून छातीच्या हाडावरही दाबून बघतात. खर्च शून्य आणि वीज लागत नाही. पण या एका खुणेवरही कोणी शहाणा डॉक्टर निर्णय घेत नाही. ताप चढताना हुडहुडी भरते तेव्हाही पाय गार पडतात.

म्हणून बाकीचा पसारा लागतो. मनगटातली सुई घ्या. ती नेहमीच्या सलाईनसारखी शिरेत नसते, धमनीत असते. दंडाला बांधायचा पट्टा दर पाच-दहा मिनिटांनी फुगतो आणि एक आकडा देतो. आवळलेल्या रक्तवाहिन्यांत तो आकडाही भरवशाचा राहत नाही, शिवाय पट्टा पोराच्या मापापेक्षा लहान असला तर बीपी फुगवून दाखवतो. धमनीतली नळी प्रत्येक ठोक्याचा जोर पडद्यावर काढते. ज्या पोराला घटकेत चढवायचं आणि घटकेत उतरवायचं औषध चालू आहे, त्याला दहा मिनिटं थांबणं परवडत नाही. हात फळीला बांधला कारण ती नळी निसटली तर धमनीतनं रक्त जोरात जातं. पोराला पकडून ठेवलंय असं बघताना वाटतं, पोटात तुटतं, हे मान्य.

रक्त सारखं काढलं ते त्याच नळीतून, म्हणजे दर वेळी नवी टोचणी नाही. चार वर्षांच्या, समजा पंधरा किलोच्या पोराच्या अंगात रक्त असतं एक ते सव्वा लिटर. हे आयसीयूतल्यांना चांगलं ठाऊक असतं, म्हणून एकेका वेळी ते मिलिलिटरच्या हिशेबात घेतात. त्यात एक तपासणी लॅक्टेटची असते. उसाच्या मोळ्या वाहिल्यावर पिंढऱ्या भरून येतात, तेव्हा स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू मिळत नसतो आणि त्यात लॅक्टेट साठतं. पोर खाटेवर नुसतं पडलेलं असताना लॅक्टेट वाढलं असेल तर कुठंतरी बादली रिकामी आहे. दोनच्या आत असावं. ॲड्रिनलिननंही ते वाढतं, म्हणून विंचवाच्या पोरात एका आकड्यावर कोणी भुलत नाही. चार-सहा तासांनी उतरतंय की चढतंय ते बघतात.

आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक मशीन म्हणजे लघवीची पिशवी. तिच्याकडं नातेवाईक ढुंकून बघत नाहीत. मूत्रपिंडाला रक्त पोचलं तर लघवी होते, नाही पोचलं तर नाही. लहान मुलाला तासाला, दर किलोमागं साधारण एक मिली. पंधरा किलोला तासाला पंधरा मिली, म्हणजे चहाचे तीन चमचे. रात्री तीन वाजता पिशवी उजेडात धरून सिस्टर आकडा लिहिते ना, तो लिहिताना तिच्या चेहऱ्याकडं बघावं. बीपीपेक्षा जास्त कळतं.

आता ते पंपिंग. मामा, ‘35 टक्के’ या दोन शब्दांनी किती घरांची झोप उडालीय म्हणून सांगू. डॉक्टर घाईत बोलून जातात आणि घरचे शंभरातनं वजा करत बसतात. निरोगी हृदयाचं पंपिंगही शंभर टक्के नसतंच. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं एका ठोक्याला साधारण 55 ते 70 टक्के बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं. तुमचं माझंही तसंच. म्हणजे तुमचा भाचा शंभरावरून 35वर आला नाही. साठ-पासष्टवरून आला. कमी झालं हे खरं, काळजीचंही होतं, पण ‘65 टक्के गेलं’ हे गणित चुकीचं. विंचवाच्या विषानं हृदयाचा स्नायू बधिर होतो आणि ॲड्रिनलिनचा पूर ओसरला की बहुतेक मुलांत काही दिवसांत-आठवड्यांत परत जोर धरतो. पुढचा इको त्यासाठीच असतो. तो चुकवू नका. पोर खेळतंय मग कशाला परत पैसे आणि हेलपाटा, असं घरात कोणीतरी म्हणेल. म्हणू दे.

आता बहिणीचा चिमटा. ऑक्सिमीटर हे चांगलं यंत्र आहे, ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरनं 1970च्या दशकात त्याची मूळ युक्ती शोधली. लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त असे दोन उजेड बोटातनं आरपार सोडायचे आणि ठोक्याबरोबर हलणाऱ्या रक्तानं कुठला किती शोषला त्यावरनं प्राणवायू काढायचा. म्हणजे त्याला हलणारं रक्त लागतं. बोट गार असलं, पोर हललं, चिमटा सैल बसला की तो काहीबाही सांगतो. तुम्ही आणलाय तो मोठ्या माणसाच्या बोटाचा असणार; चार वर्षांच्या बोटावर तो बसतच नाही, घसरतो. झोपेत पोर कूस बदललं की 94. आयसीयूतही जे सारखं टिंग टिंग वाजतं त्यातलं पुष्कळ असंच, कुठली तरी पट्टी सुटलेली. तिथल्या सिस्टर पडद्यावर आकड्याशेजारची लाट बघतात. लाट सुरेख उठत असेल तरच आकड्याला किंमत. बाजारातल्या स्वस्त चिमट्यावर ती लाट धड दिसतही नाही.

आणि मुख्य म्हणजे, तो चिमटा रक्तात प्राणवायू किती मिसळलाय ते सांगतो. रक्त किती पोचतंय ते नाही. टाकीत पाणी स्वच्छ आहे म्हणून नळाला येतंय असं होत नाही. आयसीयूतल्या त्या वाईट रात्रीही तुमच्या भाच्याचा प्राणवायू बराच वेळ 97-98 असला असेल. बहीण ज्या आकड्याला घाबरतेय, त्यानं तेव्हाही तिला काही सांगितलं नसतं.

तिला सांगा, झोपायच्या आधी एकदा त्याच्या तळपायाला हात लाव. ऊबदार आहेत? झोप म्हणावं. दिवसभरात नेहमीसारखी लघवी झाली, खाल्लं, अंगणात पळाला, पळून धाप लागली तरी दोन मिनिटांत परत पळायला तयार, तर त्याचं रक्त फिरतंय. पडून राहिल्यावर धाप वाढली, खेळता खेळता बसून राहायला लागला, तोंडावर किंवा पायावर सूज आली, चक्कर येऊन पडला, नाहीतर अंग थंड आणि घामेजलं, तर आकडा न बघता गाडी काढायची. याच्यासाठी रात्री जागावं लागत नाही.

(तिला कन्नड येत नसेल, असा माझा अंदाज. ती आयसीयूच्या काचेबाहेर उभी आणि आतनं कोणीतरी ‘गाबरी आगब्याड्री’ म्हणतंय. घाबरू नका, एवढंच ते. पण ज्याला भाषा कळत नाही तो आकडा वाचतो, कारण आकडा सगळ्यांना कळतो. माझ्या मते चिमट्याची सवय तिथं लागली. पुढच्या तपासणीला तिलाच आत घेऊन जा आणि डॉक्टरांना म्हणावं, हिला मराठीत सांगा. बेळगावात सांगणारे आहेत. तुम्ही मधे दुभाषी म्हणून उभे राहू नका.)

वडिलांचं अवघड. मी गोड बोलून झाकणार नाही: गोळी जितकी लवकर तितकी बरी, आणि तो तासभर गेला. पण तासाभरात रडं थांबलं म्हणून तुम्ही सगळेच फसलात, त्याचं कारण ऐका. लाल विंचवाचं विष अंगात भिनलं की पुष्कळदा चावल्या जागी वेदना कमीच राहते, हे बावस्करांनी नोंदवलंय. पोर सावरायला लागलं, हातपाय तापले, की ठणका परत येतो. ज्याला नुसता जिवाचा ठणका लागलाय, बोंबलतोय, त्याचं बहुधा ठणक्यावरच निभावतं. बहुतेक विंचू तसेच चावतात, मोठ्या काळ्या इंगळीचं तर बहुतेक वेळा तेवढंच असतं. ते आपोआप उतरतात आणि श्रेय मंत्राला जातं. वर्षानुवर्षं गुण येताना बघितलेल्या म्हाताऱ्याचा विश्वास बसला तर त्यात नवल काय? पण मुलाला घाम सुटलाय, ओकतंय, हातपाय गार आहेत आणि ते गप्प झालंय, ही विंचू उतरल्याची खूण नव्हे, चढल्याची.

वडिलांना एक काम सांगा. वाडीतल्या त्या माणसाकडं त्यांनी स्वतः जावं, भांडायला नव्हे. गावात विंचू चावलेलं प्रत्येक पोर सगळ्यात आधी त्यालाच दिसतं. घाम, वांती, गार हातपाय यांतलं एक जरी दिसलं तरी मंत्र म्हणत बसू नकोस, 108ला फोन लावायला सांग, एवढं त्याच्या गळी उतरवायचं. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का ते आधीच विचारून ठेवा. गोळी दिल्यावर पोराला आडवं ठेवायचं, उचलून उभं केलं तर बीपी एकदम पडतो, हे गाडीत बसणाऱ्याला माहीत असू दे. विंचवावरची प्रतिविषाची लसही मिळते. महाडलाच झालेल्या एका अभ्यासात गोळीच्या जोडीला ती दिली तर रुग्ण लवकर सावरले, असं 2011मध्ये प्रसिद्ध झालं. ती कुठं ठेवलेली असते याची चौकशी सुगीच्या आधी करावी. म्हाताऱ्या माणसाला मांडीवर हात ठेवून बसवण्यापेक्षा हे बरं.

इकोची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा. गंजी घरापासून लांब हलवा, आणि भाच्याला चप्पल झटकून घालायला शिकवा. चार वर्षांचा आहे, त्याला तो खेळ वाटेल.